सासूबाईंची पोनी

सासूचे केस ओढल्याबद्दल माझी सरकारी चौकशी झाली, हे खरं आहे. अधिकारी दारात आल्या तेव्हा मी सासूबाईंच्या मागे स्टुलावर उभी होते आणि माझ्या हातात जेवणाचा काटा होता, हेही खरं आहे. बाकी आमच्या जिन्यात जे काही तिखटमीठ लावून सांगितलं जातं त्याला मी जबाबदार नाही. तेव्हा मूळ हकिगत मीच सांगितलेली बरी.

सुरुवात सासूबाईंच्या पडण्यापासून झाली. मी कपाटाच्या वरची धूळ पुसते की नाही, हे तपासायला त्या खुर्चीवर चढल्या. धूळ होती. ती सापडल्याच्या आनंदात त्यांचा तोल गेला आणि त्या खाली आल्या. मी धावत गेले तर जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी मला उजव्या हाताचं बोट दाखवलं. "बघ. किती आहे बघ." त्याच हाताचं खांद्याजवळचं हाड मोडलेलं होतं, पण तो विषय त्यांनी नंतर काढला.

हात गळ्यातल्या झोळीत गेला. झोळीचा पट्टा मानेमागून, त्याला एक धातूचं बक्कल. हे बक्कल आणि सासूबाईंचे केस यांचं पहिल्या दिवसापासून पटेना. अंबाडा घातला की तो पट्ट्यावर बसे आणि पट्टा मानेत रुते. वेणी घातली की बक्कल तिला धरून ठेवी. शेवटी व्यायाम शिकवायला येणारा मुलगा, ज्याला सासूबाई 'हात हलवणारा' म्हणतात, म्हणाला, "आजी, केस मानेपासून लांब पाहिजेत. उंच पोनी बांधायची."

"काय बांधायची?"

"पोनी. म्हणजे शेपटी. टाळूच्या जरा मागे."

"मला?" सासूबाई म्हणाल्या. "अरे, मी आता वर जायच्या वयाची. वर गेल्यावर ते विचारतील, ही कोण शाळकरी मुलगी पाठवली."

आता सासूबाईंच्या केसांबद्दल सांगायला हवं. ते केस म्हणजे आमच्या कुटुंबाची एकमेव स्थावर मालमत्ता. स्थावर म्हणायचं एवढंच, कारण ते एका जागी कधी ठरत नाहीत. कमरेखाली पोचणारे, दाट, पांढरेशुभ्र आणि असे सुळसुळीत की त्यांत खोवलेला आकडा पाच पावलांत जमिनीवर. इतकी वर्षं त्या मनगटाला एक हिसका देऊन, केसांनीच केस अडकवून अंबाडा घालत. तो हिसका आमच्यापैकी कुणालाच जमत नाही, आणि ज्या मनगटाला जमतो ते आता झोळीत होतं. माझ्या केसांबद्दल विचाराल तर, आहेत. याहून जास्त काही म्हणता येणार नाही.

तर पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या दांडीला लटकवलेल्या रबरांतला एक घेतला आणि सासूबाईंची पोनी बांधली. बांधताना एकदा किंचाळल्या, काढताना दोनदा. रबराबरोबर केसांचा एक झुपका हातात आला. सासूबाईंनी तो माझ्याकडून मागून घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "केस बांधत होतीस की पार्सल?"

त्याच संध्याकाळी वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून फोनचा आवाज बाहेर सोडलेला असतो. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असते हे वन्संना पक्कं माहीत असतं.

"आई, वहिनीचा हात मुळातच जड गं. तिचा दोष नाही. काहींचे असतात."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

"तू माझ्याकडेच ये कशी. लिफ्ट आहे, स्वतंत्र खोली आहे. केस तर मी असे बांधीन की तुला कळणारसुद्धा नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं. "रविवारपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "हिला जमलं तर राहीन. नाही जमलं तर येईन."

लोकांना वाटेल, सासू आपणहून जायचं म्हणते आहे, मग अडचण कसली? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी पाणीखात्यात तक्रार-खिडकीवर बसते. दिवसभर लोक येऊन मला बोलतात, कारण नळाला बोलता येत नाही. संध्याकाळी घरी आले की मी ते सगळं सासूबाईंना सांगते, आणि त्या एकेका तक्रारदाराबद्दल असं काही बोलतात की ते छापता येणार नाही. एका सभ्य दिसणाऱ्या बाईच्या तोंडून तसं ऐकलं की दिवसाचा शीण उतरतो. यांना सांगून बघितलं आहे. हे म्हणतात, "त्याचंही बरोबर असेल." असल्या माणसाबरोबर मी एकटीने संध्याकाळी कशा काढायच्या? आणि शिवाय ते 'जड हात'. ते मला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फॅन्सी स्टोअरमध्ये गेले. "केसाला बांधायचं काहीतरी द्या. मऊ पाहिजे, ओढता कामा नये, आणि सुळसुळीत केसांवर टिकलं पाहिजे."

"मुलगी किती वर्षांची?" दुकानदाराने विचारलं.

"सासू आहे."

त्याने समोर काढलेले ससे आणि चेरी परत आत ठेवले. मग मखमलीचे काढले, लोकरीचे काढले, टेलिफोनच्या वायरीसारखे पिळाचे काढले, आणि एक सॅटिनचा, भरपूर चुण्यांचा, मऊ गोल. "ही स्क्रंची. केसाला कळत नाही बांधलंय म्हणून." मी सगळे एकेक घेतले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दुकान बंद पडलं की काय त्याचं?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथून पुढे यांनी लक्ष घातलं.

हे वजनमापे खात्यात आहेत. दुकानांतले तराजू खरे आहेत की खोटे हे तपासणं हे यांचं काम. त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट आम्हाला नुसती करून बघता येत नाही. ती तपासावी लागते. मी सॅटिनवाला बांधायला घेतला तर म्हणाले, "थांब. असं नाही. आज तेलकट केसांवर एक बांधशील, उद्या धुतलेल्यांवर दुसरा, मग तुलना कशाची करणार? प्रत्येक वेळी केस एकाच स्थितीत पाहिजेत. स्वच्छ धुतलेले आणि वाळवलेले. रोज. बदलेल तो फक्त रबर."

ऐकायला हे इतकं बिनचूक होतं की आम्ही दोघींनी मान डोलावली. शिवाय यांनी जाऊन स्वतःच्या पसंतीने धुण्याचं सामान आणलं. त्यात केस मऊ करायची एक बाटली होती, तिच्यावर 'रेशमाहून मुलायम' असं लिहिलेलं होतं. "दुखतात म्हणते ना ती, मग मऊच पाहिजेत," हे म्हणाले.

मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी तो सोहळा. बेसिनला पाठ करून खुर्ची, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, झोळीवर प्लास्टिकची पिशवी. मी मगाने कोमट पाणी सोडायची, बोटांनी चोळायची, पुन्हा पाणी, मग ती बाटली, पुन्हा पाणी. सासूबाई डोळे मिटून पडून राहायच्या. एरवी पाणी फार गरम, चहा फार गोड, मी फार उशिरा, असं अखंड चालू असतं. त्या वेळी मात्र चकार शब्द नाही. मला वाटायचं, दुखत असेल बिचारीला.

आणि मग चाचणी. सॅटिनवाला चहा होईपर्यंत टाळूवर होता, आंघोळ होईपर्यंत कानाशी आला आणि मी ऑफिसला निघाले तेव्हा जिन्यात माझ्या पायाशी पडलेला मिळाला. तो तिथवर कसा आला हे कोडं आहे. मखमलीचा त्याहून लवकर. पिळाचा सुटत नाही असं दुकानदार म्हणाला होता. तो सुटला नाही, तो उडाला. फोटोतल्या सासऱ्यांच्या हाराला जाऊन अडकला. सासूबाई म्हणाल्या, "बघा, अजून माझ्या मागे आहेत."

हे संध्याकाळी स्टीलची पट्टी घेऊन रबर टाळूपासून किती घसरला ते मोजायचे आणि "लक्षणीय" म्हणायचे. लोकरीचा तेवढा टिकला, पण तो केसांत असा गुंतला की काढताना सासूबाईंचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला.

तळमजल्यावर काकू राहतात. त्यांना आम्ही 'दुर्बीण' म्हणतो, पण ऐकायलाही त्या तितक्याच चांगल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "अगं, काल फारच ओरडल्या गं."

"केस बांधत होते, काकू."

"बांधताना इतकं?"

"काढताना."

"असं," त्या म्हणाल्या. त्यांचा तो 'असं' मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता. पुढे त्यांनी सल्ला दिला की रबर लावूच नये, जुन्या पायमोज्याचा तळ कापावा आणि उरलेली नळी केसांत घालावी. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या पायमोज्याची? तिच्या नवऱ्याच्या? मग केस आपणहून उभे राहतील."

वरच्या मजल्यावर बोटीवरचे काका राहतात. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना बांधायला काही मिळत नाही, त्यामुळे जिन्यातल्या सायकली, कुंड्या, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळं त्यांनी बांधून ठेवलेलं आहे. त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण बुधवारी संध्याकाळी ते सॅटिनची रिबीन घेऊन हजर.

"रबर ही मुळातच चुकीची गोष्ट आहे," ते म्हणाले. "रबर ताणतो. ताणलेली वस्तू निसटते. गाठ मारावी."

"मारा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कुणीतरी नवीन माणूस डोक्याशी खटपट करतंय याची मजा वाटत असावी.

काकांनी डोळे बारीक केले, श्वास रोखला आणि गाठ मारली. पकड यावी म्हणून त्यांनी केसांचाच एक पेड उचलून गाठीतून फिरवून घेतला. ओढायचं, दुखवायचं नाव नाही. मग हात झटकून म्हणाले, "भर समुद्रात वादळ आलं तरी सुटायची नाही."

सुटली नाही. सकाळी यांनी पट्टी लावली. गाठ तसूभरही हलली नव्हती. यांचा चेहरा असा झाला की जणू बरोबर वजन देणारा तराजू पहिल्यांदाच बघतायत. मीही मनातल्या मनात वन्संना फोन लावला होता. मग केस धुवायची वेळ झाली आणि लक्षात आलं की भर समुद्रात वादळ आलं तरी ती खरोखरच सुटणार नव्हती.

रिबीन कापावी तर गाठीत केस. ओढावी तर सासूबाई किंचाळणार. काकांना बोलवावं तर ते सकाळीच भावाकडे गेलेले आणि फोन घरातच वाजतोय, आम्हाला खाली ऐकू येत होता. मी रजा टाकली. रजेचं कारण काय लिहावं हे सुचेना, म्हणून 'घरगुती गुंता' असं कळवलं. मग स्टूल घेतलं, सासूबाईंच्या मागे चढले आणि गाठीच्या पोटात काहीतरी टोकदार घालून ती सैल करायला लागले. हे बाजूला पट्टी घेऊन उभे. रजा यांनीही टाकली होती, निरीक्षणासाठी.

"आई गं!" सासूबाई ओरडल्या, आणि त्याच क्षणी दारात एक बाई उभ्या. हातात पिशवी, गळ्यात ओळखपत्र. मागे, अर्ध्या जिन्यात, दुर्बीण.

"मी ज्येष्ठ नागरिक कक्षाकडून," बाई म्हणाल्या. "इथे काय चाललंय?"

"गाठ सोडवतेय," मी म्हटलं.

"काट्याने?"

"चमच्याने जमेना."

स्टुलावर उभं राहून, हातात काटा घेऊन माणसाने कितीही खरं सांगितलं तरी ते खरं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अधिकारी बाईंनी मला खाली उतरवलं, काटा टेबलावर ठेवायला लावला आणि सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. आवाज एकदम मऊ केला.

"आजी, घाबरू नका. सून तुमचे केस ओढते का?"

"ओढते की," सासूबाई म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"आई!" मी म्हटलं.

"तुम्ही मधे बोलू नका," अधिकारी बाई म्हणाल्या. "आजी, का ओढते?"

"नवऱ्याने सांगितलंय तिला."

बाई यांच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत?"

"मी फक्त मोजतो," हे म्हणाले, आणि पट्टी पाठीमागे लपवली. वीस वर्षांत मी यांच्या तोंडून इतकं घातक वाक्य ऐकलेलं नाही.

"आणखी काही करतात?"

"खुर्चीत बसवतात," सासूबाई निवांतपणे सांगू लागल्या, "मान मागे करायला लावतात आणि डोक्यावर पाणी सोडतात. रोज सकाळी."

जिन्यातून 'अगं बाई' असा आवाज आला.

मी तक्रार-खिडकीच्या पलीकडे कधी उभी राहिले नव्हते. तिथून फार वेगळं दिसतं. आपण जे काही बोलू ते समोरच्याला बहाणा वाटणार, हे त्याच्या भुवयांवरूनच कळतं. माझ्या खिडकीवर येणारे लोक इतके का ओरडतात ते मला उमगलं. मी मात्र ओरडले नाही. मी शांतपणे सगळं सांगितलं: खांदा, बक्कल, पोनी, सॅटिन, मखमल, बोटीवरचे काका. सांगताना माझं मलाच जाणवलं की हे काही कुणी मानायचं नाही.

"आजी," बाई म्हणाल्या, "तुमची इच्छा असेल तर तुम्हाला इथून हलवायची व्यवस्था होऊ शकते."

"रविवारी मुलगी यायचीच आहे न्यायला," सासूबाई म्हणाल्या.

"मग मीही रविवारी येते. कुठे राहायचं ते तुम्ही माझ्यासमोर सांगा. कुणाच्या दबावाशिवाय." 'कुणाच्या' म्हणताना त्यांनी काट्याकडे पाहिलं.

त्या गेल्यावर मी सासूबाईंसमोर उभी राहिले. "ओढते की? आई, हे काय बोलणं झालं?"

"ओढतेस. खोटं का बोलू? सरकारी बाई होत्या."

"आणि पाणी सोडतात म्हणे! शिक्षा दिल्यासारखं!"

"सोडतेस की," त्या म्हणाल्या, "आणि आज सोडलं नाहीस अजून."

संध्याकाळी काका परत आले. त्यांनी येऊन रिबिनीचं एक बारीक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. गाठ आपली आपण उलगडून त्यांच्या हातात आली. "हे टोक ओढायचं असतं," ते म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं का?"

शुक्रवारी मी मनाशी हार मानली. लग्नात मिरवताना लावतात तसली नक्षीदार क्लिप राहिली होती, तीही लावून झाली. ती सासूबाईंच्या केसांवरून घसरून त्यांच्याच चहात पडली. त्यांनी चमच्याने काढली, चाटून बघितली आणि साखर जास्त असल्याचं सांगितलं. ऑफिसातून येऊन मी त्या दिवशी कुणाचीच गोष्ट सांगितली नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "आज कुणी आलं नाही का खिडकीवर?" मी म्हटलं, "नाही." त्यांची बॅग कपाटावरून खाली काढून ठेवायची होती. मी काढली, आणि कपाटाच्या वरची धूळही पुसली. आता पुसून काय उपयोग, पण पुसली.

आणि त्याच रात्री मुख्य पाइप फुटला. शनिवारी सकाळी नळ कोरडे. सबंध इमारत माझ्या दाराशी. "तुम्ही पाणीखात्यात ना?" जणू मी ऑफिसातून निघताना पाणी पिशवीत घालून आणायला विसरले होते. एका शेजाऱ्याने तर माझ्या स्वयंपाकघरात डोकावून नळ सोडून पाहिला. प्यायला आणि स्वयंपाकाला पुरेल इतकं टँकरवरून मिळालं. केस धुण्याचा प्रश्नच नव्हता. शनिवारी नाही, रविवारी नाही. हे अस्वस्थ होऊन फिरत होते. "चाचणी खंडित झाली," म्हणाले. मी म्हटलं, "होऊ दे. आता संपलीच आहे."

रविवारी वन्सं आल्या. येताना सुगंध घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग अधिकारी बाई, आणि त्यांच्यामागे, वाटी परत करायच्या निमित्ताने, दुर्बीण. वन्संनी आईला मिठी मारली, माझ्याकडे बघून "दमलीस गं वहिनी" असं हळूच म्हटलं आणि पर्समधून एक मऊ गोल काढला. सॅटिनचा. भरपूर चुण्यांचा.

हुबेहूब तसाच माझ्याकडे होता. रंगसुद्धा तोच.

वन्संनी केस हातात घेतले, वर नेले, एक वेढा, दुसरा वेढा. सासूबाईंचा आवाज नाही. सोडलं. आम्ही सगळे वाट बघत उभे. चहा झाला, पोनी जागच्या जागी. बिस्किटं झाली, पोनी जागच्या जागी. सासूबाईंनी मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. यांनी पट्टी काढली, लावली, पुसून पुन्हा लावली.

"हाच रबर!" मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला असेल. "हाच बांधला होता मी! जिन्यात मिळाला मला!"

"धुतल्या केसांवर बांधला असशील," वन्सं म्हणाल्या.

"रोज धुतच होते."

"रोज?" वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "आईचे केस? रोज? अगं वहिनी, धुतल्या दिवशी आईचे केस कुणाच्या बापाला बांधता यायचे नाहीत. दोन दिवस जाऊ दिले की पकड येते त्यांना. घरात सगळ्यांना माहीत आहे हे. दादा, तुला नाही का आठवत? धुतल्या दिवशी आई केस मोकळेच सोडायची नाही का?"

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं.

"त्या दृष्टीने मी कधी पाहिलं नव्हतं," हे म्हणाले.

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. अधिकारी बाईंनी मात्र तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला. "आजी, आता तुम्ही सांगा. कुठे राहायचं?"

वन्संनी बॅग उचललीच होती. मी भिंतीकडे बघत होते. जिन्यातली दुर्बीण आता पार उंबऱ्याच्या आत आली होती.

"ती बॅग ठेव खाली," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही जात."

"आई! अगं आता तर बांधून दाखवले ना!"

"म्हणूनच. तू पहिल्याच फटक्यात बांधलेस. संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत. मग दिवसभर मी काय करू? तुझी लिफ्ट वर-खाली करू? इथे सकाळी पाणी तापतं, दुपारी काहीतरी उडतं, संध्याकाळी तिघं मिळून भांडतो, वरचा खलाशी येतो, खालची ही येते. सरकारी माणूससुद्धा येऊन गेला."

"पण त्या ओढतात म्हणालात," अधिकारी बाई म्हणाल्या.

"ओढते. हात जडच आहे तिचा. पण ती ओढताना बोलत असते. तिच्या त्या खिडकीवर काय काय नमुने येतात, तुम्ही ऐकायला हवंत. परवा तोंड मिटून बसली होती, तो दिवस मला काही बरा गेला नाही. तेवढा तिच्या नावावर लिहून घ्या, तो तिचा गुन्हा."

अधिकारी बाईंनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी पिशवी बंद केली आणि दुसरा चहा मिळेल का असं विचारलं.

सगळे गेल्यावर मी सासूबाईंच्या समोर बसले. "आई, धुतल्यावर टिकत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"केस कुणाचे आहेत?"

"मग बोलला का नाहीत? आठवडाभर मी, हे, अख्खी इमारत..."

सासूबाईंनी डावा हात उचलून पोनी चाचपली. "कोमट पाणी सोडत होतीस," त्या म्हणाल्या. "बोटं फिरवत होतीस डोक्यातून. मला याआधी कुणी न्हाऊ घातलं तेव्हा माझे दुधाचे दात होते. बोलले असते तर दोन दिवसांआड केलं असतंस."

त्या आणखी काही हळवं बोलतील अशी भीती वाटून मी उठले आणि चहा टाकते म्हणाले.

"टाक," सासूबाई म्हणाल्या. "पण चहा टाक. कालचा पाक होता."

सोमवारी पोनी दिवसभर टिकली. मी ऑफिसातून आले तर हे पट्टी हातात घेऊन खिन्न बसलेले. सासूबाईंनी विचारलं, "बघ गं, निसटला का जरा?" मी बघितलं. नव्हता निसटला. "ओढून बघ," त्या म्हणाल्या. ओढून बघितलं. नाही. यांनी पट्टी खणात ठेवून दिली.

मंगळवारी पाणी आलं. सकाळी उठल्या उठल्या सासूबाई म्हणाल्या, "डोकं खाजतंय." त्यांचं डोकं खाजत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी पाणी तापत ठेवलं आणि ते तापेपर्यंत चपला घालून कोपऱ्यावरच्या त्याच दुकानात गेले.

"केसाला बांधायचं काहीतरी द्या," मी म्हटलं. "मऊ पाहिजे, ओढता कामा नये. पण टिकणारं नको."

"टिकणारं नको?"

"नको. दुपारपर्यंत सुटलं पाहिजे."

दुकानदाराने खाली वाकून गल्ल्याच्या मागून एक पुठ्ठ्याचा खोका वर काढला. "बाई, हे सगळे लोकांनी परत आणून दिलेले आहेत. यातला कुठलाही घ्या."

मी खोकाच उचलला.